कप्तानाचा गुडघा

कोल्हापुरात फुटबॉलच्या तळाच्या लीगमध्ये एक वाघ होता, म्हणजे तसं तो स्वतःच सांगायचा. वाघजाई तालमीचा कप्तान रणधीर इंगवले. सहा फुटांचा गडी, पण वारा लागला तरी गुडघा धरून कोसळायचा. समोरची पोरं सभ्यपणानं चेंडू बाहेर मारून खेळ थांबवायची. रिवाजाप्रमाणे चेंडू त्यांना परत द्यायचा, तर हा पठ्ठ्या त्यावरच गोल मारायचा आणि वर हसायचा, "भोळी हाईत बिचारी!"

नवजीवन क्लबला असाच गोल बसला. आता बरोबरी झाली नाही तर क्लब लीगमधून बाहेर. दोन मिनिटं उरली असताना त्यांना कॉर्नर मिळाला आणि वेळ खायला रणधीर गोलसमोर आडवा झाला. एक पिवळं कार्ड त्याला आधीच मिळालेलं. नाटक केल्याबद्दल दुसरं मिळालं की हकालपट्टी.

नवजीवनचा कप्तान सादिक मणेर धावत आला. "अरे, स्ट्रेचर आणा! गुडघा गेला बिचाऱ्याचा!"

स्ट्रेचरवाल्या चौघांनी उचलताच रणधीर ओरडला, "सोडा रे, मला काय झालेलं न्हाई!"

"रेफ्रीसाहेब, ऐकलंत?" सादिक म्हणाला. "म्हणजे नाटक होतं."

रेफ्रीचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

"आई गं, गुडघा!" रणधीर पुन्हा कण्हू लागला, आणि त्याची वरात मैदानाबाहेर निघाली. कॉर्नर आला, रणधीरच्या रिकाम्या जागेतून सादिकनं डोकं लावलं आणि बरोबरी झाली.

सामना संपताच रणधीर तरातरा चालत आला. "कुठं गेली रे तुमची खिलाडूवृत्ती?"

"तुम्हालाच बाहेर पोचवायला गेली होती की," सादिक म्हणाला.