कोणत्याच ढोलीत न बसलेला खडा

मुलांनो, सह्याद्रीच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. 'राहत असे' हे आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, खरं तर ती बोलत असे. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिच्या चोचीला विसावा म्हणून नसे. पण ती नुसती वटवट नव्हती बरं का. साऱ्या जंगलाची बातमी तिच्याकडे असे. कुठल्या झऱ्याला पाणी आहे, कुठं फळं पिकली, कुणाकडे बारसं आहे, सगळं ती पानांवर चोचीनं टोचून लिही आणि ओढ्याकाठच्या मोठ्या वडाच्या पारंब्यांना ती पानं अडकवून ठेवी. सकाळी पाण्यावर येणारा जो तो आधी या बातमीच्या वडाखाली थांबे, पानं वाचे आणि मगच पाण्याला तोंड लावी.

तिची एक जुनी रीत होती. पाण्याची बातमी जांभळाच्या पानावर, फळांची आंब्याच्या पानावर, लग्न-बारशाची बेलाच्या पानावर आणि धोक्याची बातमी निर्गुडीच्या पानावर. निर्गुडी माहीत आहे ना? नुसता हात लावला तरी उग्र वास दिवसभर जात नाही. ही रीत साळुंकीच्या पणजीपासून चालत आलेली. ती का पडली, हे साळुंकीला ठाऊक नव्हतं, आणि तिनं कधी विचारलंही नव्हतं. वड मात्र त्यामुळे फार गबाळा दिसे. एक पान गोल, एक लांबट, एक सुकून गुंडाळी झालेलं! निर्गुडीचं पान तर इतकं अरुंद, की एका बातमीला चार-चार पानं जोडावी लागत.

एके दिवशी दूरच्या शहरातल्या तलावावरून एक बगळा तिथं आला. पांढराशुभ्र, परीटघडीचा, एका पायावर उभा राहून विचार करणारा. वडाकडे बघून त्यानं नाक मुरडलं.

"साळुंकीताई, हा काय पसारा? बातमीचा वड आहे की भाजीचा बाजार?"

साळुंकी ओशाळली. "मग कसं असावं हो, बगळेराव?"

"एकसारखं! सगळी सागाची पानं. मोठी, रुंद, एका मापाची. तीन सरळ रांगा लावायच्या आणि मधे भरपूर मोकळी जागा सोडायची. डोळ्यांना विसावा नको का?"

आता बगळ्याला पांढरं आणि मोकळं सोडून दुसरं काय आवडणार! पण साळुंकीला ते मनापासून पटलं. तीन दिवस ती राबराब राबली. शंभर सागाची पानं खुडून आणली, मापात बसवली, रांगेत टांगली. मग लांबच्या फांदीवर जाऊन, मान वाकडी करून तिनं वडाकडे पाहिलं. इतका सुरेख दिसत होता तो, की साळुंकीनं आनंदानं हवेत दोन कोलांट्या मारल्या.

बगळा म्हणाला, "आता लोक बोलतील. बोलू देत. पहिले आठ दिवस ओरडतात, मग सवय होते. तू एक कर. वडाला या दोन ढोल्या आहेत ना? कुणी वाहवा केली की उजव्या ढोलीत एक खडा टाक, कुणी नावं ठेवली की डावीत. डाव्या ढोलीत खडा पडायचा थांबला, की समज तू जिंकलीस."

दुसऱ्या दिवशी वडाखाली ही झुंबड उडाली!

"माझी जागा कुठं गेली?" माकड ओरडलं. "तिसऱ्या पारंबीला उलटा लटकून मी आंब्याची बातमी वाचायचो. आता तिथं कुणाचं तरी बारसं आहे! मी काय पाळणा म्हणू?" खडा डावीकडे.

"वा, वा!" मोर मान डोलवत म्हणाला. "माझ्या नाचाची बातमी काय शोभतेय! अजून जरा मोठी करता येईल का?" खडा उजवीकडे.

हरिणी म्हणाली, "मोकळं मोकळं छान वाटतं हो. माझ्या शिंगवाल्यांचं डोकं पारंब्यांत अडकत नाही आता." उजवीकडे. रानडुक्कर कुरकुरलं, "शिळ्या बातम्या मी रोज खाऊन टाकायचो. ही पानं चावत नाहीत." डावीकडे. पोपटानं मोराचं ऐकून "वा, वा!" केलं, लगेच माकडाचं ऐकून "छे, छे!" केलं. साळुंकीनं बिचारीनं दोन्हीकडे एकेक खडा टाकला.

मग आला कावळा. त्यानं वडाकडे नीट पाहिलंही नाही. "पूर्वीचं बरं होतं," तो म्हणाला.

"कावळेदादा, तुम्ही पूर्वीही हेच म्हणत होता!"

"तेव्हाही पूर्वीचं बरं होतं."

बगळा साळुंकीच्या कानाशी लागला. "याचा खडा धरायचाच नाही. याला सवयच आहे."

सगळ्यांच्या शेवटी अस्वलमावशी आली. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका कपारीत ती एकटीच राहायची. अंगानं आडदांड, पण मुलखाची लाजाळू. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती वडाखाली पुष्कळ वेळ उभी राहिली. नाक वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. शेवटी हळूच म्हणाली, "साळुंके, याला काही वास येत नाही गं." एवढंच बोलली आणि मान खाली घालून निघून गेली.

साळुंकी खडा चोचीत धरून बसली. ही वाहवा झाली की नावं ठेवणं झालं? उजवीकडे टाकावा की डावीकडे?

बगळा हसला. "वासाचं काय मेलं! बातमी काय हुंगायची असते? दे फेकून."

तिनं तो खडा ओढ्यात टाकला. डुबुक आवाज झाला आणि साळुंकी ते विसरूनही गेली.

बगळ्याचं म्हणणं मात्र खरं ठरत गेलं. दुसऱ्या दिवशी डाव्या ढोलीत सात खडे पडले, तिसऱ्या दिवशी चार, पाचव्या दिवशी एकच. माकडाला लटकायला नवी पारंबी सापडली. रानडुकरानं कोवळं पान निवडायची युक्ती काढली. आठव्या दिवशी सकाळी डाव्या ढोलीत एकही खडा पडला नाही. कावळा रोजच्यासारखा येऊन बोलून गेला होता, पण त्याचा खडा धरायचाच नव्हता ना!

"जिंकलीस!" बगळा म्हणाला. साळुंकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

इतक्यात सुतारपक्षी धापा टाकत आला. "ताई, घात झाला! ओढ्यावर आडवा पडलेला ओंडका आहे ना, पलीकडच्या उंबराकडे जायचा? पावसानं आतून पार कुजलाय. मी चोच मारली तर भुगाच बाहेर आला. ससा जाईल एक वेळ, पण जड पाऊल पडलं की संपलं! आणि खाली पाणी तर बघ, दुथडी भरून वाहतंय."

साळुंकीनं क्षणाचाही वेळ घालवला नाही. मोठ्यात मोठं सागाचं पान घेतलं, बातमी टोचली आणि पहिल्या रांगेत मधोमध टांगली. माकडानं वाचली. हरिणीनं वाचून आपल्या कळपाला सांगितली. रानडुक्कर म्हणालं, "मी नाही बुवा जात आता तिकडे."

"कळलं ना सगळ्यांना?" साळुंकीनं विचारलं.

"सगळ्यांना!" सगळे ओरडले.

"सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?" वरच्या फांदीवरून कावळा म्हणाला. "अस्वलीण कुठाय?"

जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. अस्वलमावशीला कुणी पाहिलंच नव्हतं. सात दिवसांत ती एकदाही वडाकडे फिरकली नव्हती.

"या जंगलात सगळ्यांत जड पाऊल तिचं," कावळा म्हणाला, "आणि उन्हं वर आली की ती रोज त्याच ओंडक्यावरून उंबरं खायला जाते."

"पण ती बातमी वाचायला का येत नाही?" साळुंकी रडकुंडीला आली.

"अगं, तिला लांबचं दिसत नाही! वीतभर अंतराच्या पुढं सगळं धुकं. मी वर बसून रोज बघायचो ना. आधी ती अख्खा वड हुंगायची. निर्गुडीचा वास आला की तेवढीच पानं जवळ ओढायची आणि डोळ्यांना भिडवून वाचायची. आता शंभर पानं एका वासाची. चारचौघांत एकेक पान डोळ्याला लावत बसेल होय ती?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

कावळ्यानं प्रथमच मान खाली घातली. "खरं सांगू? रोज तेच तेच ओरडण्याच्या नादात नेमकं सांगायचं तेवढं राहूनच गेलं."

साळुंकीला तो खडा आठवला. डुबुक आवाज आठवला. मावशी सांगायला आली होती, आणि आपण तिचं सांगणं पाण्यात टाकलं!

ती उडाली ती थेट निर्गुडीच्या झुडपावर. एक डहाळी तोडून चोचीत धरली आणि जीव खाऊन ओंडक्याकडे निघाली. वळणावरून बघते तर काय, अस्वलमावशी ओंडक्याच्या तोंडाशी येऊन पोहोचलेली! पुढचा एक पाय तिनं ओंडक्यावर टाकलेला, दुसरा उचललेला.

'मावशी, थांब!' असं साळुंकीच्या अगदी चोचीपर्यंत आलं. पण पाण्याचा आवाज असा, की आपलं आपल्याला ऐकू येईना. आणि ओरडायला चोच उघडली की डहाळी पाण्यात! जन्मात कधी गप्प न बसलेल्या त्या साळुंकीनं त्या दिवशी चोच घट्ट मिटून घेतली. ती बाणासारखी खाली आली आणि डहाळी नेमकी मावशीच्या नाकावर टाकली.

मावशीनं हुंगलं. उचललेला पाय तसाच थांबला.

"निर्गुडी?" ती पुटपुटली, आणि टाकलेला पायही तिनं झटकन मागं घेतला. तेवढ्या धक्क्यानंच ओंडका करकरला, मधोमध मोडला आणि बघता बघता पाण्याबरोबर दिसेनासा झाला. मावशी साळुंकीच्या मागोमाग पाण्याच्या आवाजापासून लांब आली.

तिथं ती म्हणाली, "साळुंके, आज धोक्याची बातमी आहे का गं?"

"आहे गं मावशी, आहे," साळुंकी हसत होती आणि रडतही होती. "वाचून दाखवू?"

"नको. वासावरूनच कळली."

मग मावशी हळूच म्हणाली, "सगळ्यांना जमतंय आणि मलाच जमत नाही, असं वाटलं मला. मग काय तोंड घेऊन यायचं? म्हणून यायचीच बंद झाले."

"तू सांगितलं होतंस, मावशी. मीच फेकून दिलं."

त्याच दिवशी वडावर पुन्हा जांभूळ, आंबा, बेल आणि निर्गुडी आली. मात्र बगळ्याच्या सरळ रांगा आणि मोकळी जागा साळुंकीनं तशीच ठेवली, कारण हरिणीला ती खरोखर सोयीची होती. बगळ्याला राग आला. तो दुसऱ्या पायावर उभा राहिला, आणि विचार केल्यावर तो रागही गेला. साळुंकीनं वडात एक तिसरी ढोली शोधली. जे बोलणं वाहवाही नाही आणि नावं ठेवणंही नाही, त्याचा खडा त्या ढोलीत पडू लागला. रोज संध्याकाळी त्यातला एकेक खडा काढून ती बोलणाऱ्याच्या घरी जाई आणि विचारी, "तुला काय म्हणायचं होतं रे बाबा?" आणि एवढं विचारून, आश्चर्य म्हणजे, उत्तर येईपर्यंत गप्प बसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा आला. वडाकडे त्यानं एक नजर टाकली.

"पूर्वीचं बरं होतं," तो म्हणाला.

"अहो, पूर्वीसारखंच तर केलंय!" सगळे ओरडले.

"त्याच्याही पूर्वीचं," कावळा म्हणाला. अस्वलमावशी चारचौघांत पहिल्यांदाच खदखदून हसली. साळुंकीनं या वेळी कावळ्याचाही एक खडा मोजला.

तात्पर्य : वाहवा करणाऱ्याचं ऐकावं, ओरडणाऱ्याचंही ऐकावं, पण जो गुपचूप यायचा थांबला, त्याच्या दारी आपण होऊन जावं.