आटलेल्या मेंढीचं कोकरू

"आन आमी गेलोच न्हाय, तर ती रडणार न्हाय. एवढं तरी खरं का न्हाय, आप्पा?"

आप्पा टकळी फिरवत होते. त्यांनी लोकरीचा धागा ओढला, बोटांनी चाचपून पाहिला आणि टकळी पुन्हा सोडली.

सिद्राम हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. त्याची बायको शालन देवळाच्या पायरीशी पदर आवळून बसली होती. ती आल्यापासून एक अक्षर बोललेली नव्हती.

"चा घ्या," आप्पा म्हणाले.

चहा केव्हाच निवला होता.

आप्पा म्हणजे माळावरच्या बिरोबाच्या देवळात राहणारा म्हातारा धनगर. सगळा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. गुडघे गेले तेव्हा चौदा मेंढरं आणि एक शेळी ठेवून ते इथंच बसले. लोक त्यांना गुरू म्हणत. ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. कुणी पाया पडलं की "बस" म्हणत, आणि बहुतेकांना एवढाच उपदेश मिळे.

सिद्रामची दारू त्यांच्यामुळे सुटली. त्यांनी मंत्र दिला नाही की गंडा बांधला नाही. त्याला एक दिवस मेंढरांमागे चालायला लावलं, मग दुसऱ्या दिवशी, असे तीन महिने. पण सुटली ती सुटली. त्याला आता अकरा महिने झाले होते, आणि हे अकरा महिने सिद्राम कुणी न विचारताच सांगत असे. कपाळाला भंडारा लावून तो गावातल्या पिणाऱ्यांना मन कसं बांधावं ते शिकवी. मेंढरामागे तीन महिने चाललेला माणूस चौथ्या महिन्यात स्वतःच मेंढका झाला होता.

त्याआधीचं मात्र तो सांगत नसे. शालनला टीबी झाला. ती चार महिने सरकारी दवाखान्यात होती. घरात तो आणि सहा वर्षांची ऋतुजा. एकदा तो दोन दिवस गुत्त्यावरून परतलाच नाही. शेजारणीनं कडी काढली तेव्हा पोर तापानं फणफणलेली होती. तिनं कोरडं पीठ खाल्लं होतं.

मग बालकल्याण समितीनं ऋतुजाला तालुक्याच्या गावी गुरवबाईंच्या घरी सांभाळायला दिलं. दत्तक नव्हे. आईबाप सावरेपर्यंत. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. शालन बरी झाली, सिद्राम शुद्धीवर आला, पण समिती म्हणत होती, अजून थोडं थांबा, अजून पाहू द्या. तोवर एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, चार ते पाच, गुरवबाईंच्या ओसरीवर भेट.

गुरवबाई चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत सांभाळणारीला उगाच वाईट ठरवायची आपल्याला सवय असते. त्या पोरीला न्हाऊमाखू घालत, तिच्याजवळ अभ्यासाला बसत. गेल्या महिन्यात त्यांनीच शालनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की राग मानू नका, पण तुम्ही येऊन गेलात की पोर दोन दिवस नीट जेवत नाही. अंथरूण ओलं करते. तुम्ही विसरून गेलेला रुमाल उशीखाली घेऊन झोपते. काय करू, तेवढं सांगा.

बाईंनी विचारलं होतं, काय करू. सिद्रामनं ऐकलं, येऊ नका.

आणि ते ऐकल्यावर त्याला एक प्रकारचं बळ आलं. आपण जाणारच नाही. पोर सुखात राहील, आपण झुरू. दारू सोडली तशी मायाही सोडू. हे मनात पक्कं करून तो आज बिरोबासमोर भंडारा उचलायला आला होता. भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही. समिती पोरीला परत देईल तोवर तिला तोंड दाखवायचं नाही, अशी ती शपथ. पुढची भेट परवावर आली होती.

"माया तोडायची म्हंजे काय खायचं काम न्हाय, आप्पा," तो म्हणाला. "पर मी ठरीवलंय."

आप्पांनी शालनकडे पाहिलं.

"आन तू?"

शालननं मान खाली घातली. सिद्रामच बोलला. तिचंही तेच म्हणणं आहे, म्हणाला. बाईमाणूस आहे, जरा हळवी आहे, इतकंच.

आप्पांची टकळी थांबली.

मग सिद्रामनं मागच्या भेटीच्या शनिवारचं सांगितलं. हे त्याला कधीचं सांगायचं होतं, कारण त्याच्या मते तो पुरावा होता. त्या दिवशी ते दोघं गेले होते, पण घरात गेले नाहीत. समोर रस्त्यापलीकडे रसवंती आहे, तिच्या ताडपत्रीआड उभे राहिले. पोर आपल्यावाचून कशी राहते ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून. तासभर पाहिलं. पोर पायरीवर शांत बसून होती. पाच वाजल्यावर उठून आत गेली.

"एक टिपूस न्हाय, आप्पा. एरवी आमी निघालो की गळ्यात पडून रडती. आमी गेलोच न्हाय, तर रडलीच न्हाय. रुळली पोर."

"कवाधरनं बसली हुती?" आप्पांनी विचारलं.

सिद्रामला ते नीट आठवेना. चारला असेल, म्हणाला.

"साडेतीनला," शालन म्हणाली.

तिचा आवाज आल्यावर सिद्रामनं वळून पाहिलं.

"साडेतीनला बाहीर आली," शालन पायरीकडे बघत सांगू लागली. "केस ओले हुते. नुकती न्हाली आसंल. पायात चपला घातल्या हुत्या... दारातच बसायचं तर चपला कशाला? एश्टी आली की उठायची. मान्सं उतरूस्तवर हुभी ऱ्हायाची. मग बसायची. सा गाड्या आल्या."

"मांडीवर डबा हुता," ती पुढं म्हणाली. "शाळंत राजगिऱ्याचा लाडू देत्यात. ती ह्यांच्यासाठी ठिवती. आमी गेलो की मोडून तीन वाटं करती. शेवटची गाडी गेल्यावर तिनं डबा उघडला. बघितला. परत लावला. चपला काढून भिंतीला नीट लावून ठिवल्या आन आत गेली."

तिनं श्वास घेतला.

"मी जात हुते. ह्यांनी हात धरला."

सिद्राम म्हणाला, की धरला, कारण गेली असती तर पुन्हा तेच रडगाणं झालं असतं. पण हे तो आधीच्या ठसक्यात म्हणाला नाही. हात धरल्याचं तिनं आजवर काढलं नव्हतं. घरी येताना नाही, जेवताना नाही. त्याला वाटलं होतं, तिला पटलं.

आप्पांनी टकळी खाली ठेवली.

"रडली न्हाय," ते म्हणाले. शालनला की स्वतःशी, ते कळलं नाही.

ऊन उतरलं होतं. ओढ्याकडून मेंढरं परतायची वेळ झाली. आप्पांची विधवा सून दिवसभर त्यांना चारून आणते. इकडे जाळीच्या आत सात कोकरं कोंडलेली होती. घुंगराचा आवाज आला आणि कोकरांनी एकच कालवा केला. सुनेनं जाळी उचलली. आया आणि पोरं एकमेकांत घुसली, हुंगाहुंगी झाली, आणि बघता बघता जो तो आपापल्या जागी लागला. इतक्या गोंगाटात कुणीही चुकत नाही. हे शंभरदा पाहिलं तरी मला नवल वाटतं.

एक तेवढी मेंढी कडेला उभी होती. तिची कास सुजून दूध पार आटलं होतं. तिचं कोकरू पळत आलं, तिच्या पोटाखाली घुसलं, ढुशा दिल्या, ओढलं. काहीच येईना. ते ओरडलं. मेंढी त्याची पाठ चाटत राहिली. पुन्हा ढुशी, पुन्हा ओरडणं. बराच वेळ हे चाललं. मग सुनेनं कोकराला उचललं आणि शेळीखाली लावलं. तिथं ते घटाघटा प्यालं.

सिद्रामनं तीन महिने मेंढरं वळली होती, त्यामुळे त्याला यातलं सगळं कळत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

"सरळ शेळीलाच लावा की," तो म्हणाला. "आटलेल्या मेंढीकडं कशाला सोडायचं? उगा वरडाय लागतंय त्ये."

"ठिवलं हुतं येगळं," आप्पा म्हणाले. "मेंढी तिकडं, ह्ये हिकडं शेळीपाशी. चार दिस."

"मग?"

"वरडायचं थांबलं."

"आता बघा! मी म्हन्तो त्ये..."

"प्यायचंबी थांबलं."

शालननं तोंडावर पदर धरला. आवाज न करता ती रडत होती. दीड वर्षात ती सिद्रामसमोर अशी रडली नव्हती. दवाखान्यातून आली तेव्हा रिकामं घर पाहूनही नाही. त्या दिवशी त्यानंच तिला सांगितलं होतं, की रडून काही होत नाही. दर भेटीत पोरीलाही तो तेच सांगे. शहाण्यासारखं राहायचं, रडायचं नाही. आता त्याच्या घरात मोठ्यानं रडणारं कुणी उरलं नव्हतं.

सिद्रामला ते दिसलं असावं. तो एकदम चिडला. चिडला म्हणजे आवाज चढला, बाकी त्या चिडण्यात काही दम नव्हता.

"पर द्याला कायतरी पायजे का नको, आप्पा? काय हाय माझ्याकडं? पत्र्याची येक खोली. हिची औषदं. समितीनं पोर कवा द्यायची त्ये त्यांच्या हातात. तिथं गुरवबाय तिला दूध देती, वही देती, रातीला जवळ घिऊन झोपती. आन मी? मी येक तास जातो. तिच्याम्होरं बसतो. काय बोलावं सुचत न्हाय. ती माझं त्वांड हुंगती, आप्पा. दर खेपेला. आल्या आल्या गळ्यात पडती आन पयलं त्वांड हुंगती... पिऊन आलाय का बघती."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. शालनलाही नाही. तिनं पदर बाजूला करून त्याच्याकडे पाहिलं.

"मला न्हाय जायचं तिथं," तो म्हणाला. "मला न्हाय सोसत त्ये."

आता खरं बाहेर पडलं होतं. पोर रडते म्हणून नव्हे. त्याला लाज वाटत होती. इतके दिवस त्यानं त्या लाजेला त्यागाचं नाव दिलं होतं, आणि ते नाव त्याला शोभूनही दिसत होतं. मी त्याला हसणार नाही. अशी लाज बाळगून जगणं अवघड असतं.

सुनेनं शेळी बाजूला बांधली. पोट भरलेलं ते कोकरू पुन्हा आपल्या आटलेल्या आईपाशी जाऊन उभं राहिलं होतं.

मग सिद्राम उठला. बोलून मोकळा झाला की माणसाचा निश्चय ढिला पडतो, आणि ढिल्या निश्चयाची त्याला भीती वाटत होती. त्यामुळे आता शपथ घेऊनच टाकावी, असं त्याच्या मनानं घेतलं. बिरोबासमोर पितळी ताटलीत भंडारा होता. तो गुडघ्यावर बसला. टोपी काढून बाजूला ठेवली.

"येतो का न्हाय सायेब म्हनून डबा घिऊन बसल ती परवा," शालन मागून म्हणाली. घरात ऋतुजा बापाला साहेब म्हणायची. तो पीत नव्हता त्या काळातली ती गंमत होती.

सिद्रामचा हात ताटलीवर थांबला. बोटं भंडाऱ्यात टेकली होती.

आप्पा काठीला धरून उठले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. मेंढीपाशी जाऊन त्यांनी ते कोकरू उचललं, परत आले आणि सिद्रामच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे टाकलंच, धरण्यावाचून त्याला गत्यंतर राहू नये असं. पडू नये म्हणून सिद्रामनं ताटलीवरचा हात काढून त्याला धरलं.

कोकरानं त्याचा हात हुंगला. मनगट हुंगलं, तळवा हुंगला. बोटांना भंडाऱ्याची पिवळी पूड लागली होती, ती हुंगली. मग त्याचं मधलं बोट तोंडात घेतलं आणि चोखू लागलं. शेपूट हलत होतं.

सिद्रामनं बोट सोडवून पाहिलं. कोकरानं पुन्हा धरलं. त्यानं पुन्हा सोडवलं नाही.

तो तसाच बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शालन पायरी चढून आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिनं कोकराच्या पाठीवर हात ठेवला.

"आप्पा," तो कसाबसा म्हणाला, "ह्येला सांगा की. माझ्या बोटात दूध न्हाय."

आप्पांनी भंडाऱ्याची ताटली उचलली आणि देवामागच्या कोनाड्यात ठेवून दिली.

"ठावं हाय त्येला," ते म्हणाले.