भुजंगरावांच्या हातातला तांब्या

भुजंगराव मोहित्यांनी कुस्ती सोडून कोल्हापुरात बॅटऱ्यांचं दुकान टाकलं, पण अंगातली रग काही गेली नाही. गिऱ्हाइकाने शंका काढलेली त्यांना खपत नसे.

एकदा सुमित्राबाई वर्तक आल्या. निवृत्तीनंतर या नवरा-बायकोंनी टेम्पोतच फिरतं घर थाटलं होतं. यजमानांना झोपेत श्वासाचं मशीन लागायचं, आणि टेम्पोतली जुनी बॅटरी पहाटेआधीच मान टाकत होती.

बाईंसाठी चहा सांगून भुजंगरावांनी ट्रकची बॅटरी एका हाताने उचलली आणि काउंटरवर आदळली. "ही न्या! एका झटक्यात ट्रक उठवते. तुमचं मशीन म्हणजे किस झाड की पत्ती!"

"पण रात्रभर पुरेल का?"

"बाई, ताकदीतलं मला शिकवू नका."

सुमित्राबाईंनी काउंटरवरचा पाण्याने भरलेला तांब्या त्यांच्या हाती दिला. "मग माझा चहा पिऊन होईस्तोवर हा हात लांब करून धरा."

भुजंगराव हसले. चहा आला, तसा बाई तो बशीत ओतून, फुंकर मारत, निवांत पिऊ लागल्या. हळूहळू पैलवानाचा हात थरथरला आणि पाणी सांडलं.

"बॅटरी उचलताना नाही हो हात हलला!" बाई म्हणाल्या. "ह्यांचं मशीन तांब्याएवढंच आहे, पण उजाडेपर्यंत धरून ठेवणारं कुणीतरी हवं."

भुजंगराव वरमले. तांब्या हट्टाने तसाच धरून त्यांनी डाव्या हाताने ट्रकची बॅटरी बाजूला सारली आणि रात्रभर थोडी थोडी वीज पुरवणारी इन्व्हर्टरची बॅटरी दाखवली. "ही मी स्वतः बसवून देतो. तोवर आणखी एक चहा सांगू?"

"सांगा. पण आधी तो तांब्या खाली ठेवा."