ओ न देणारं नगर

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिथल्या राजाचं नाव सांगणारंसुद्धा आता कुणी उरलं नाही. एक नगर होतं. दिवसा बघाल तर पाय ठेवायला जागा नाही! पण रात्रीचा गजर झाला रे झाला, की सगळं चिडीचूप. कुत्रीसुद्धा विचार करून भुंकायची.

त्या नगरात एक चाल होती. अंधार पडल्यावर बाहेरून हाक आली, तर ओ द्यायची नाही. मामा हाक मारो, सख्खा भाऊ हाक मारो, ओ म्हणून द्यायची नाही. का? तर म्हणे रात्री भुतं ओळखीच्या आवाजात हाक मारतात, आणि ओ दिली की धरतात. पोरं धड बोलायला लागायच्या आधीच त्यांना हे शिकवलं जायचं. आता भुतं किती होती देव जाणे, पण चोर होते, आणि त्या चोरांची नुसती चंगळ होती. भर रस्त्यात लुटलेल्या माणसानं कितीही बोंब मारली, तरी एका दाराची कडी निघायची नाही.

याच नगरात एक सुईण होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. तोंड फटकळ, पण हात असा हलका की विचारू नका. निम्मं नगर त्या हातांवर जन्मलेलं. पण गेल्या वर्षापासून या आक्काला रात्र म्हटली की धडकी भरायची.

झालं असं होतं, कुंभाराची बायको अडली होती. पहिलटकरीण. आक्का रात्रीच निघाली, आणि वाटेत आडाजवळ चोरांनी तिला गाठलं. तिनं जीव तोडून हाका मारल्या. आणि काय बघितलं असेल तिनं? ज्या ज्या खिडकीत उजेड होता, तिथला दिवा कुणीतरी आतून फुंकला. एक विझला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. म्हणजे सगळे जागे होते हो! चोरांनी पाटल्या ओढून घेतल्या आणि तिला दगडांवर ढकलून दिलं. गुडघा तेव्हाच कामातून गेला. सरपटत ती कुंभारवाड्यात पोचली तेव्हा उजाडलं होतं, आणि बाळ गेलं होतं.

आक्का तडक राजाकडे गेली. राजा काही वाईट नव्हता. ऐकून हळहळला. म्हणाला, "आक्का, असा बंदोबस्त करतो की बघत राहशील."

केला की! राजरस्त्यावर शंभर मशाली लावल्या. वर दवंडी पिटली, 'गजर झाल्यावर कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दार उघडं दिसलं तर शिक्षा.'

"बाहेर कुणी नसलंच, तर चोर लुटणार कुणाला?" राजानं दरबारात विचारलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो महाराज, बाळ काय दवंडी ऐकून येतं?" पण तोवर दरबार उठला होता.

वर्ष गेलं. आणि एका रात्री, गजर होऊन बराच वेळ झाल्यावर, आक्काच्या मागच्या दारावर थाप पडली. तिनं फटीतून बघितलं. कुंभार होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"आक्का, कळा सुरू झाल्या. या वेळी तरी..."

आक्काच्या डोळ्यांपुढे तो आड आला. तरी तिनं बोचकं उचललं.

"घरात कोण आहे तिच्याजवळ?"

"कुणी नाही. एकटीच आहे."

"मग माझं तोंड काय बघतोस? पळ! पाणी तापव, तिचा हात धरून बस. मी येते माझ्या लंगड्या पायानं."

तो पळाला. आक्का निघाली. राजरस्ता लख्ख उजळलेला, पण त्यावर चिटपाखरू नव्हतं. मशाली तडतडत होत्या आणि पहारेकरी भिंतीला टेकून घोरत होते. त्या उजेडात आक्काला उलट जास्तच भीती वाटली. आपण सगळ्यांना दिसतोय आणि आपल्याला कुणीच दिसत नाही, अशी. तिथून कुंभारवाड्याची गल्ली फुटायची. तिथे तर मशालसुद्धा नव्हती. पायाखाली फरशी कुठे आहे, खड्डा कुठे आहे, काही कळेना.

आणि मागून पावलं वाजली.

आक्का थांबली, पावलं थांबली. ती चालली, पावलं चालली. दोघे तरी असावेत. पळणार कशी? गुडघा तर वाकत नव्हता. "अहो कुणी आहे का?" तिनं हाक मारली. समोरच्या खिडकीत दिवा होता. फू! विझला.

झालं! तो दिवा विझला आणि आक्काचं डोकं असं भडकलं म्हणून सांगू! भीती कुठल्या कुठे गेली. ती भर गल्लीत उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, आणि तिनं तोंड सोडलं.

"ए पायाळू! हो, तूच, सोनाराच्या घरातला! पायाकडून आला होतास, काळानिळा पडला होतास. मी पाठीत चापट्या मारल्या तेव्हा कुठे रडलास. तेव्हा बरा गळा काढलास रे, आणि आज तोंड शिवलंय होय?"

आत कुजबुज झाली. "आई, हे भुताला कसं माहीत?"

"गप बस. भुताला सगळं माहीत असतं."

"आणि तू गं सोनारीण!" आक्का आणखी मोठ्यानं ओरडली. "कळा येताना नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतीस, ते शब्द न शब्द सांगू का गल्लीला?"

"अगंबाई! आक्काच ही!" सोनारीण किंचाळली, आणि धाडकन कडी निघाली. "ओ आक्का, ओ! थांबा, आले!"

त्या नगरात रात्री दिलेली ती पहिली ओ. कुणी धरलं नाही, कुणी झपाटलं नाही. मग समोरच्या घरातून आवाज आला, "आक्का, माझं काही सांगू नका हं, मी आलोच!" हशा पिकला. एकेक दार उघडायला लागलं. मागची पावलं थांबली, घुटमळली, आणि उलट्या दिशेनं पळत सुटली.

"आक्का, उजवीकडची फरशी निखळलीय, डावीकडून या!"

"पुढे पायरी मोडकी आहे, माझा हात धरा!"

"अगं ए, आक्का येतायत, पुढच्यांना सांग!"

आवाज तिच्या पुढे पुढे धावले. एक गल्ली तिला दुसरीच्या हाती देत गेली. आक्का पोचली तेव्हा कुंभारीण अर्धी बेशुद्ध होती आणि बाळाच्या गळ्यात नाळेचा वेढा होता. आणखी थोडा उशीर झाला असता, तर संपलंच होतं सगळं. आक्कानं बोट घालून वेढा सोडवला. एक क्षण काहीच नाही. दाराबाहेर अख्खी गल्ली श्वास रोखून उभी. आणि मग पोरगी अशी कडाडून रडली, की कुंभार मटकन खालीच बसला.

सकाळी कोतवाल आला. दवंडीचा हुकूम मोडला म्हणून पंचवीस घरांतली माणसं धरून त्यानं दरबारात उभी केली. आक्काही लंगडत मागोमाग आली.

राजानं आक्काला विचारलं, "शंभर मशाली कमी पडल्या का? कुंभारवाड्याच्या गल्लीत किती लावू?"

"एक लावलीत तरी पुष्कळ, महाराज. पण मशाल ओ देत नाही. प्रत्येक गल्लीत रोज रात्री एक घर जागं ठेवा. हाक आली की 'ओ, कोण?' एवढं म्हणणारं. बाकीचं माणसं बघून घेतात."

राजानं आधी माणसं सोडली, मग जुनी दवंडी मागे घेऊन नवी पिटली. गल्लोगल्ली पाळी लागली. ज्याची पाळी, त्यानं ओट्यावर बसायचं आणि हाकेला ओ द्यायची. गंमत म्हणजे, जागं राहणाऱ्यांना कोण कुठे ठेचकाळतं ते रोज ऐकू यायला लागलं, आणि महिन्याभरात खड्डे बुजले, मोडक्या पायऱ्या नीट झाल्या. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, पहाटेचे फुलवाले, सगळे बिनघोर ये-जा करू लागले. चोरांनी वाट बघून बघून नगर सोडलं. आक्काचा गुडघा मात्र शेवटपर्यंत दुखतच राहिला.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: वाट दिव्यानं दिसते, पण निर्धास्त होते ती हाकेला ओ देणाऱ्या माणसामुळे.