हंस अडवणारा नगरशेट

खूप जुन्या काळची गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या नगराचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. दूर उत्तरेला, एका रुंद नदीच्या काठी ते वसलेलं होतं. शरद ऋतू लागला की तिथे हंसांचे थवेच्या थवे उतरायचे, चार दिवस विसावायचे आणि दक्षिणेकडे निघून जायचे.

नगराचा सगळा कारभार त्या हंसांवर चालायचा म्हणा ना. उन्हाळाभर मेंढपाळ मेंढ्या घेऊन पलीकडच्या कुरणात राहायचे. हंस उडाले की मागोमाग थंडी येणार, हे ठरलेलं. म्हणून वेशीवर एक म्हातारी बसवलेली होती. हंस उडाले की तिने घंटा वाजवायची आणि घंटा ऐकली की पलीकडच्यांनी हातातलं टाकून नावेत बसायचं. घंटेआधी कुणी परतायचं नाही, घंटेनंतर कुणी रेंगाळायचं नाही.

त्या वर्षी कुरण उशिरा हिरवं झालं आणि नगरशेटाच्या मेंढ्या पार रोडावल्या. त्याचा एकुलता एक मुलगाच त्या राखायला पलीकडे होता. नगरशेटाच्या मनात आलं, अजून थोडे दिवस चराई मिळाली तर? मोठा हुशार माणूस, युक्ती सुचायला त्याला कितीसा वेळ! त्याने नदीकाठी सातूची पोती रिकामी करायला लावली.

बायको म्हणाली, "अहो, हे काय चालवलंय? पाखरं थांबली म्हणून थंडी थांबते होय?"

"हंस गेल्याशिवाय आजवर कधी बर्फ पडलाय? मग हंस जाऊच द्यायचे नाहीत."

"पोरगं पलीकडे आहे. त्याला तरी बोलावून घ्या."

"घंटा वाजली की येईल. नियम सगळ्यांना सारखा."



हंसांना काय, आयतं मिळालं. ते पोटभर खायचे आणि पाण्यावर डुलत राहायचे. त्यांचा जायचा दिवस उलटून गेला. लोक पोराबाळांना घेऊन हंस बघायला यायचे, नगरशेटाचं कौतुक करायचे. लाकूडफाटा भरून ठेवायचं कुणाच्या मनातही येईना.

एक म्हातारा हंस मात्र दाण्याला शिवला नाही. तो नगरशेटाला म्हणाला, "आम्ही थंडी आणत नाही रे बाबा. आम्ही तिच्यापासून पळतो."

नगरशेटाने त्याच्यापुढे आणखी मूठभर सातू टाकला.

आणि मग उत्तरेचा वारा सुटला. सकाळी बघतात तो नदीच्या कडा गोठलेल्या, मधल्या धारेतून बर्फाचे मोठमोठे तुकडे वाहताहेत. नाव घालावी असं पाणी राहिलं नव्हतं, चालत यावं इतका बर्फही धरला नव्हता. नगरशेट धावत काठावर आला. पलीकडे मुलाच्या शेकोटीचा धूर दिसत होता. पोरगा शेकोटीपाशीच बसून राहिला तर वाचेल, नदी पक्की गोठली की चालत येईल, असं तो मनाशी घोकत राहिला.

तेवढ्यात हंस उठले. खाऊन जड झालेले, कसेबसे उडाले. ते पाहताच म्हातारीने घंटा वाजवायला घेतली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आपलं काम करत होती.

"थांबवा ती घंटा," नगरशेट ओरडला. त्या वाऱ्यात त्याचा आवाज वेशीपर्यंत कसला पोचतोय? घंटा मात्र पलीकडे पोचली. बाकीच्या मेंढपाळांच्या आधी मुलाने क्षणभरही न रेंगाळता नाव पाण्यात लोटली. बाप दोन्ही हात हलवून त्याला मागे फिरायला सांगत होता. मुलाला वाटलं, बाबा लवकर ये म्हणताहेत. त्याने वल्ही आणखी जोरात मारली. मधल्या धारेत नाव बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये सापडली आणि अडकित्त्यात सुपारी फुटावी तशी फुटली.

नदी गोठली ती वसंतापर्यंत. तोवर आईला पोराचं तोंडही बघायला मिळालं नाही. लाकडावाचून त्या हिवाळ्यात कितीतरी घरांतल्या चुली कायमच्या विझल्या. बर्फ वितळल्यावर कुरणात मेंढ्यांची नुसती हाडं सापडली. नगरशेट त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, पण त्याच्या घरात त्याच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: संकटाची खबर देणाऱ्याला अडवून धरलं, तर संकट खबर न देता येतं.