पोस्टर, साळुंकी आणि शेळीची जीभ

गावची टॉकीज बंद पडली, त्या काळची ही गोष्ट. जुनी पोस्टरं दुरुस्त करायला दूरदेशी शिकलेली साळुंकी परतली. भिंतीवरचं कार्टून सिनेमाचं शेवटचं पोस्टर वाचवायला सगळे धावून येतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्यक्षात म्हातारी शेळी चित्रातल्या हत्तीचा कान चघळत होती.

“आजी, अगं शेवटचं आहे ते!”

“हत्ती तुझा तुला राहू दे गं, शहाणे. मला मागची पिठाची खळ हवी.”

साळुंकीने घाईने चोच घालून पोस्टर सोडवायला घेतलं, तर कागद टरकन फाटला. शेळीने चाटून ओला केलेला कोपरा मात्र अलगद सुटून आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीनेच शेळीला हाक मारली. “आजी, खळ सगळी तुझी. पण दात लावायचे नाहीत, फक्त जीभ!”