घोटीव खडकावरचा शेट

एका गावात एक खडक होता आणि त्या खडकाच्या डोक्यावर हरबा नावाचा एक शेट राहत होता. खडक काळा कुळकुळीत, पालथ्या घमेल्यासारखा गोल. गाव त्याला टकल्या म्हणे. माथ्यावर जागा जवळजवळ सपाट होती. खाली यावं तसा उतार वाढत जाई आणि पायथ्याशी तर नुसती भिंतच. वर ऊन-वारा भरपूर, म्हणून हरबाशेटच्या बापाने तिथे घर बांधलं आणि हळद-मिरचीची वखार घातली. त्या वखारीत माल कधी सादळला नाही.

आता अशा खडकावर माणसं चढत कशी होती म्हणाल, तर गावाची एक रीत होती. घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी बाप छिन्नी घेऊन टकल्यावर जायचा आणि पाऊल मावेल एवढी एक खोबण पाडायचा. बाळाचा पाय तिला टेकवायचा, की झालं. पिढ्यान् पिढ्या खोबणी पडत गेल्या आणि त्यांचीच वाट झाली. वर निघालं की एक पाय सुताराच्या गंगूवर, दुसरा पाटलाच्या थोरल्यावर, असं सगळ्या गावाच्या अंगाखांद्यावरून माथ्यावर पोचायचं.

वाट होती, म्हणून माणसं येत. बायका कुरडया वाळत घालायला येत. म्हातारे ओट्यावर बसून खोकत. शेळ्या येत, शेळ्यांच्या मागे पोरं येत. आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे चिमाक्का येई.

चिमाक्का ही हरबाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. लग्न होऊन गेली, नवरा वारला, परत गावात आली आणि पायथ्याशी घर करून राहिली. तोंडाची फटकळ. हरबाने मुंडासं वाकडं बांधलं तरी बोलायची, सरळ बांधलं तरी बोलायची. पण जेवलास का, हे विचारल्याशिवाय तिचा दिवस कधी मावळला नाही. बायको वारल्यावर हरबा एकटा पडला होता. मूलबाळ नव्हतं. त्याला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतंच.

एकदा परमुलखातला एक बडा व्यापारी माल बघायला आला. हरबाशेट गादीवर बसून मिशांना पीळ देत होता. एवढ्यात चिमाक्का धापा टाकत वर आली. पदराखाली पिठलं-भाकरी.

"अरे मुडद्या, कालपासून पोटात अन्न नाही तुझ्या! मिशा कसल्या पिळतोस? आधी गिळ!"

व्यापारी हसला. ओट्यावरचे म्हातारे खोकता खोकता हसले. एवढंच घडलं. दुसरा असता तर तोही हसला असता आणि जेवायला बसला असता. पण हरबाशेट पडला नाकावर माशी न बसू देणारा. त्याला वाटलं, चारचौघांत आपलं नाक कापलं गेलं. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. या गावाचा नुसता काच आहे, तो मनाशी म्हणाला, येता-जाता मेली घासतात अंगाला.

सकाळी त्याने गवंडी बोलावले. "खडकाच्या सगळ्या खोबणी बुजवा. वरून घोटीव चुना करा. असा घोटा, की त्यात तोंड दिसलं पाहिजे."

गवंड्यांचा म्होरक्या डोकं खाजवत म्हणाला, "शेट, यात तुमचीही खोबण असेल की."

"तीही बुजवा."

मग काय विचारता! चुना भिजला, घोटण्या फिरल्या, शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड चोळली गेली. टकल्या लखलखायला लागला. गाव खाली उभं राहून बघत होतं. ज्याची जागा त्याचा हक्क, असं म्हणून लोक घरी गेले.

शेटने स्वतःची सोय आधीच करून ठेवली होती. माथ्याच्या कडेला दगडी खांब रोवला होता आणि दोराला मोठी टोपली बांधली होती. दोराचे खांबाला तीन वेढे घातले की एवढं घर्षण होई, की मल्हारी नावाचा त्याचा एकटा गडी भरली टोपली अलगद खाली सोडी. माल जाई, शेट जाई, शेट येई. दुसरं कोणी येत नसे.

पहिले काही दिवस हरबाशेट खुशीत होता. वा! काय शांतता! जेवताना कोणी टोकत नव्हतं, झोपताना कोणी खोकत नव्हतं. पुढे पुढे मात्र तो जेवण आटोपलं की उगाच ओट्यावर येऊन बसू लागला. बसायचा, आत जायचा, परत यायचा. मल्हारीला एकच गोष्ट तीनतीनदा सांगायचा. शेवटी मल्हारीच एक दिवस गाठोडं बांधून उभा राहिला.

"शेट, काम जड नाही. पण इथं बोलायला कोणी नाही. अहो, भांडायलासुद्धा कोणी नाही. मी जातो गावाकडं."

"जा की," शेट म्हणाला. "तुझ्यावाचून अडलंय थोडंच?"

त्याने स्वतः दोर धरून मल्हारीला खाली सोडलं. टोपली जमिनीपासून पुरुषभर उंचीवर असेल, आणि कडेला घासून घासून झिजलेला दोर तुटला. खालून आवाज आला, "मी धड आहे शेट! पण दोर गेला हो!" मग तोही आवाज लांब गेला. शेटच्या हातात हातभर दोर राहिला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात, तो असा.

घरात धान्य होतं, खडकात पाण्याचं टाकं होतं. उपाशी मरायची भीती नव्हती. दुसरा दोर मात्र घरात नव्हता. गावात दोरही होते, पण ते वर पोचवणार कोण? आणि ज्यांच्या पोरांच्या खोबणी चुन्यात गेल्या, ते तरी कशाला जिवाचं रान करतील? सुगीचे दिवस होते. लोक आपापल्या कामाला लागले.

आली ती चिमाक्का.

गोल खडकावर माथ्यावरून पायथा दिसत नाही. मधला फुगवटा आड येतो. म्हणून हरबाला ती दिसली नाही, नुसती ऐकू आली. बांगड्यांचा आवाज झाला. मग पाय घासल्याचा आवाज. म्हातारी त्या गुळगुळीत भिंतीवर चढू बघत होती. एकदा घसरली. पुन्हा चढू लागली, पुन्हा घसरली. मग धप्पकन आवाज आला.

"आक्का!" हरबा ओरडला. "आक्का, लागलं का गं?"

आता तोफ सुटणार, असं वाटून तो कान टवकारून उभा राहिला. मेल्या म्हणेल, मुडद्या म्हणेल, सात पिढ्यांचा उद्धार करील. करू दे. खालून काही आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने ती पलीकडच्या पायवाटेवर दिसली. लंगडत चालली होती. हातात भाकरीचं फडकं होतं. तिने मान वळवून एकदाही वर पाहिलं नाही.

इतकं एकटं त्याला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. काही झालं तरी खाली उतरायचं, आक्काला गाठायचं आणि तिचे पाय धरायचे, असं त्याने ठरवलं.

तो निघाला. पहिली पावलं सोपी पडली. उतार एवढा कमी, की चुना गुळगुळीत असूनही पाय धरून राहत होता. त्याला वाटलं, हात्तिच्या, एवढंच का! आणखी चार पावलं टाकली आणि टाच सटकली. तो पालथा पडला, तळहात नि पोट चुन्याला चिकटवून कसाबसा थांबला आणि सरड्यासारखा सरपटत वर आला.

मग तो वस्तू सोडून बघू लागला. वाटी ठेवली, ती माथ्याजवळ जागची हलेना. थोडी खाली सरकवली, तरी बसून राहिली. आणखी बोटभर सरकवली आणि सुटली. सुटली ती सुटलीच. पुढचा उतार मागच्यापेक्षा जास्त, तो तिला थांबू कसा देणार? नारळ गेला, तांब्या गेला, जोडा गेला. दंव पडलं असलं की वस्तू आणखी वरूनच सुटत. शेटला एक गोष्ट कळून चुकली. या खडकावर एक न दिसणारी रेघ आहे. तिच्या अलीकडे पाय धरतो, पलीकडे नाही. आणि पलीकडे गेल्यावर कितीही पाय आवळला तरी उपयोग नाही, कारण पायाला धरायला खाली काही उरलेलंच नाही.

अतिशहाण्याने मग आणखी एक अक्कल चालवली. पायाखाली काहीतरी खरखरीत हवं ना? व्यापारीच तो, वखारीतली पोतंभर मोहरी आणली आणि उतारावर ओतली. मोहरी ती, गोल गोल दाणे! पाय ठेवला मात्र, शेट जो उताणा पडला, तो थेट त्या रेघेवर जाऊन अडकला. मोहरी खळखळत खाली गेली. तो तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला आणि त्याला रडू आलं. गंमत बघा, आता त्याला हसायलाही कोणी नव्हतं.

संध्याकाळी तो उठला. दाराचा एक मोठा खिळा उपटला, खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेतला आणि रेघेच्या अलीकडे बसून चुन्यावर पहिला घाव घातला. चुना फुटायला तयार नव्हता. पैसे मोजून घोटलेला तो! हाताला फोड आले, फोड फुटले. पण एका जागी चुना ढपल्याने निघाला आणि खाली जुनी खोबण लागली. कोणाची होती कोण जाणे. शेटने ती फुंकरीने साफ केली, तीत टाच टेकली आणि पुढची शोधू लागला. दिवसाला एखादी सापडे, कधी तीही नाही. गावातली माणसं कामावरून जाता-येता ठकठक ऐकत. एखादा थांबून बघे आणि पुढे जाई. हरबा एकटाच खणत होता. ज्या खोबणींना तो पायपोस समजत होता, त्यांनाच आता नखांनी खरवडत होता.

सुगी संपली, थंडी सरत आली, तेव्हा त्याचा पाय जमिनीला लागला. दाढी वाढलेली, अंगावर चुना, पायात जोडा नाही. तो सरळ चिमाक्काच्या दारात जाऊन उभा राहिला.

चिमाक्का सूप घेऊन बसली होती. गुडघ्याला फडकं बांधलं होतं. तिने वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि उठली.

"या शेट," ती म्हणाली. "बसा." तिने घोंगडी अंथरली. गूळ आणि पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. "बरं आहे ना सगळं? माल चांगला आहे ना यंदा?"

हरबाने तिचे पाय धरले. "असू द्या, असू द्या," असं म्हणून तिने हळूच पाय मागे घेतले.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर हरबाला तो कुठेतरी धरता आला असता. त्याने ती वाटी जशी सरकवून पाहिली होती, तसंच आता बहिणीला करून पाहिलं. "आक्का, पाणी कोमट आहे गं," तो मुद्दाम म्हणाला.

"दुसरं आणते हां," ती म्हणाली, आणि खरंच दुसरं घेऊन आली.

"गूळही खारट लागतोय."

"यंदाचा तसाच आहे खरा."

तो उठला, तेव्हा ती दारापर्यंत सोडायला आली. पाहुण्याला सोडायला येतात, तशी. हरबा घरी गेला आणि दार लावून हुंदके देऊन रडला. खडकावरचा चुना त्याने गवंड्यांकडून करून घेतला होता. हा नात्यावरचा त्याने स्वतः केला होता, आणि इथे खिळा-बत्त्याचा उपयोग नव्हता.

पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. ती घोंगडी अंथरायची, गूळ-पाणी द्यायची, पीकपाणी विचारायची. तो बसायचा. तिचं दळण निवडू लागायचा, सरपण फोडून द्यायचा. ती म्हणायची, "कशाला त्रास घेता?" तो पुढचं लाकूड ओढून घ्यायचा. त्याचं पाहून गावानेही खोबणींतला उरलेला चुना काढायला घेतला, तेव्हा सकाळी तो तिकडे राबायचा आणि दुपारी इकडे यायचा. आंब्याला मोहर आला, कैऱ्या धरल्या, उन्हाळा तापला. चिमाक्काच्या घरी तो पाहुणाच होता.

एका भर दुपारी तो घामाघूम होऊन आला आणि ओट्यावर टेकला. चिमाक्का आत पीठ चाळत होती. ती उठली नाही. घोंगडी आली नाही, गूळ आला नाही. बराच वेळ गेला. हरबाच्या घशाला कोरड पडली. आता हिने पाणी विचारायचंही सोडलं, असं वाटून त्याचा जीव थोडाथोडा झाला.

चाळणीवरची नजर न काढता ती म्हणाली, "माठ कोपऱ्यात आहे. हात मोडलेत का?"

हरबाशेट उठला. स्वतःच्या हाताने माठातलं पाणी घेऊन प्याला, आणि भांडं घासून पालथं घालून ठेवलं.

तात्पर्य: माणसांच्या घासाघासीला कंटाळून नाती घोटून गुळगुळीत करू नयेत; जिथे काही खुपत नाही, तिथे पायही ठरत नाही, आणि गेलेली पकड परत मिळवायला फार दिवस दारात बसावं लागतं.